हळदीच्या गावात लाकूड आणि पऱ्हाटीवर वीज-उष्णता प्रकल्प: कामाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२३: आधी उष्णतेचा हिशेब

जागा वसमत तालुक्यात, हिंगोली जिल्हा. मालकी गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीची. यंत्र म्हणजे उघड्या तोंडाचा डाउनड्राफ्ट गॅसिफायर (लाकूड अपुऱ्या हवेत जाळून त्याचा जळाऊ गॅस करणारी भट्टी, गॅस खालून निघतो), ताशी ४५ किलो इंधन घेणारा, आणि त्याच्या गॅसवर चालणारे ४० किलोवॅटचे स्पार्क इंजिन. सलग चालवताना ३५ किलोवॅटच धरायचे. पंखे आणि पंप मिळून ४ किलोवॅट प्लांट स्वतःच खातो, बाहेर पडतात ३१.

पहिल्या बैठकीत सगळी चर्चा विजेची झाली. कागदावर मांडले तेव्हा चित्र वेगळे दिसले. ४५ किलो इंधन, किलोला ३,६०० किलोकॅलरी धरली तर ताशी १,६२,००० किलोकॅलरी, म्हणजे १८८ किलोवॅट. त्यातले साधारण ७२ टक्के गॅसमध्ये उतरतात: १३५ किलोवॅट. इंजिन त्यातले २६ टक्के विजेत आणते: ३५. उरलेल्यातले ४० च्या आसपास सायलेन्सरमधून जातात आणि तेवढेच इंजिनाच्या जॅकेटच्या पाण्यात. दोन्हींकडून नीट पकडली तर ६५ किलोवॅट उष्णता हाती लागते. एक वाटा वीज, जवळजवळ दोन वाटे उष्णता. उष्णता रेडिएटरवर उडवून दिली तर शंभरातले एकोणीससुद्धा पदरात पडत नाहीत.

शिवाय इंधन किलोला ४ रुपयांनी पडले आणि युनिटमागे १.३ किलो लागले, तर नुसत्या इंधनाचे सव्वापाच रुपये झाले. त्यावर ऑपरेटर, ऑइल, गॅस गाळायच्या पिशव्या. सुंदरबनातल्या गोसाबा बेटावर १९९७ मध्ये ५०० किलोवॅटचा गॅसिफायर प्लांट बसला, तिथे तारेची वीज नव्हती. इथे तार आहे, फक्त तीन फेज हवी तेव्हा नसते. तेव्हा हा प्लांट नुसती वीज विकून उभा राहणार नाही. उष्णतेला गिऱ्हाईक हवेच, आणि ते गावात आहे: फेब्रुवारी ते मे हळद वाळवणे.

ठरले असे की वाळवणीचा भार आधी, वीज त्याच्या मागोमाग.

१९ ऑक्टोबर: इंधन किती, कुठून, कधी

हंगामात १०० दिवस रोज १६ तास, उरलेल्या वर्षात २०० दिवस रोज ५ तास. एकूण २,६०० तास, ११७ टन. १२० धरू. वजनाने ६० टक्के वेडी बाभूळ, ४० टक्के पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचल्यावर उरलेल्या झाडांच्या काड्या.

पऱ्हाटी ४८ टन. हेक्टरी २ टन हाताला लागेल असे धरले तर २४ हेक्टर, म्हणजे ६० एकर कापूस. एवढा कापूस शिवारात आहे. अडचण वेळेची. बोंडअळीमुळे फरदड (हंगामानंतरही तेच पीक पुढे ठेवणे) न घेता रान लवकर मोकळे करायचे असते, म्हणून वर्षाची सगळी पऱ्हाटी डिसेंबर-जानेवारीतच गोळा होणार. कुट्टी केलेली पऱ्हाटी घनमीटरला १५० किलोच भरते. ४८ टनांना ३२० घनमीटर जागा. शेड १५ × ८ मीटर, ३ मीटर थर. शेडचा खर्च इंजिनाच्या खर्चाच्या निम्म्याला पोचतो आणि तिथेच हात आखडावासा वाटतो. आखडू नये. शेड लहान पडली की जुलैत प्लांट बंद.

राख मोजली. मुळासकट उपटलेली पऱ्हाटी: ७ टक्के. बुडखा १० सेंटिमीटर छाटलेली: ३.५ टक्के. फरक सगळा काळ्या मातीचा. खरेदीचा नियम लिहून लावला: चिमट्याने उपटल्यावर आठ दिवस रानात पडू द्यायची, माती झटकायची, बुडखा छाटूनच गाडी भरायची. मातीसकट आलेल्या गाडीला किलोमागे एक रुपया कमी.

६ नोव्हेंबर: पाया

काळी माती १.४ मीटर खोल, खाली मुरूम. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. घराची भिंत तडकते ती यानेच. इथे धोका मोठा आहे, कारण रिअॅक्टर (गॅसिफायरची भट्टी) आणि फिल्टर यांच्यात एका बाजूचा पाया १० मिलिमीटरने जरी उचलला तरी फ्लँज (पाइपांचा बोल्टचा सांधा) उघडते, आणि त्या पाइपात एक-पंचमांश कार्बन मोनॉक्साइड असतो.

१.५ मीटर खोदून काळी माती पूर्ण काढली. मुरुमाचे २०० मिलिमीटरचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि रोलर. वर १०० मिलिमीटर पीसीसी (साधे काँक्रीट), त्यावर ३०० मिलिमीटर जाडीचा एकच आरसीसी राफ्ट, म्हणजे सळई घातलेला सलग पाया. रिअॅक्टर, सायक्लोन (गॅस गरगर फिरवून धूळ वेगळी करणारा), बॅग फिल्टर (पिशव्यांतून गॅस गाळणारा) तिन्ही त्याच राफ्टवर. इंजिनाचा ठोकळा वेगळा, वजन इंजिन-अल्टरनेटरच्या तिप्पट, भोवती ५० मिलिमीटरची फट. दोन पायांमधल्या गॅस पाइपात स्टेनलेस स्टीलचे बेलोज, म्हणजे लवचीक घड्यांचा तुकडा.

इमारतीला दोनच भिंती. उरलेल्या दोन बाजू उघड्या, आणि पत्र्याच्या माथ्यावर लांबीभर हवाछिद्र. थंडीत ऑपरेटर ताडपत्री लावायला बघतील, म्हणून खांबांना हुकच ठेवले नाहीत.

२८ नोव्हेंबर: भट्टीचे अस्तर

रिअॅक्टरच्या आतला तप्त पट्टा ११०० ते १२०० अंशांचा. अस्तर हाय अॅल्युमिना कॅस्टेबलचे (पाणी कालवून ओतायच्या उष्णतारोधक मिश्रणाचे), १०० मिलिमीटर, मागे इन्सुलेशन विटा. कॅस्टेबलला पाणी पिशवीवर लिहिले आहे तेवढेच, मोजून. गवंडी हाताच्या अंदाजाने पातळ करतो, ओतायला सोपे जाते म्हणून. मग जास्तीचे पाणी वाळताना छिद्रे ठेवते आणि ताकद जाते.

ओतल्यावर २४ तास ओल्या गोणपाटाखाली. मग सुकवणी, आणि इथे घाई चालत नाही:
- ११० अंशांवर १२ तास, बारीक सरपणाच्या जाळावर
- तासाला २५ अंशांनी ३५० पर्यंत, तिथे ६ तास
- तासाला ५० अंशांनी ६०० पर्यंत, मग आपोआप निवू द्यायचे

आतले पाणी वाफ होऊन सावकाश बाहेर यायला हवे. एकदम तापवले तर वाफ आत कोंडते आणि अस्तराची ढलपी उडते. ढलपी पडली की लोखंडी कवच लाल होते, आणि ते बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. कवचावर चार जागी तापमान मोजणारे थर्मोकपल बसवले. १२० अंशांच्या वर गेले की प्लांट बंद करून आत बघायचे.

१४ डिसेंबर: गॅस सफाई कोरडी की ओली

बराच खल झाला. पाण्याचा फवारा मारून गॅस धुणे स्वस्त आणि सोपे. पण ते पाणी फिनॉल आणि डांबराने काळे होते, दर काही आठवड्यांनी बदलावे लागते, आणि गावाची विहीर प्लांटपासून २०० मीटरवर आहे. कोरडा मार्ग घेतला:

सायक्लोन → हवेचे जॅकेट असलेला पाइप (गॅस ४२० अंशांवरून १७० वर, निघालेली गरम हवा इंधनाच्या शेडमध्ये) → काचतंतूच्या पिशव्यांचा बॅग फिल्टर → पाण्यावरचा कूलर, ४० अंशांपर्यंत → घडीच्या कागदाचा सुरक्षा फिल्टर → इंजिन.

बॅग फिल्टरची सगळी मेख तापमानात. ११० च्या खाली गेले की डांबर आणि पाणी पिशवीवर बसतात, काजळीचा चिखल होतो आणि ती पिशवी पुन्हा मोकळी होत नाही. २५० च्या वर पिशवी जळते. म्हणून बायपास: सुरू करताना गॅस फिल्टरला वळसा घालून सरळ फ्लेअरवर (गॅस उघड्यावर जाळायच्या नळीवर), आणि रिअॅक्टरमधून येणारा गॅस स्थिर झाल्यावरच व्हॉल्व्ह फिरवायचा. नव्या पिशव्यांवर आधी बारीक चुनखडीची पूड फुंकून पातळ थर बसवला, म्हणजे पहिली काजळी कापडात घुसत नाही.

कूलरखाली ताशी साधारण ३ लिटर पाणी जमते. वास उग्र. ते प्लास्टिकच्या बंद ड्रममध्ये. इंधन १० टक्के ओलीवर असेल तेव्हाच थोडे थोडे इंधनावर शिंपडून रिअॅक्टरमध्येच जाळायचे. नाल्यात एक थेंबही नाही.

३ जानेवारी २०२४: कुट्टी

ट्रॅक्टरवरच्या कुट्टी यंत्रात पऱ्हाटी घातली तर लाकूड तुटते, साल तुटत नाही. सालीचे हातभर लांब धागे निघतात. रिअॅक्टरमध्ये हे धागे एकमेकांत अडकून पूल बांधतात, इंधन वर लटकते, खाली पोकळी होते. पोकळीतून हवा न जळता खाली जाते आणि गॅसमध्ये ऑक्सिजन येतो.

उपाय दोन झाले. पऱ्हाटी पुरती कडक वाळल्यावर, १५ टक्क्यांखाली, कुट्टी केली; वाळलेली साल ठिसूळ होऊन तुटते. आणि पाती दर ४ टनांना धार लावून घेतली. चाळणी दोन: ५० मिलिमीटरच्या वरचे परत यंत्रात, १० मिलिमीटरच्या खालचा भुसा बाहेर. भुसा आत गेला तर थर घट्ट होतो आणि गॅसची वाट बंद.

बाभळीचे तुकडे २५ ते ५० मिलिमीटर, गोल करवतीवर. अंगठ्याएवढ्या फांद्या तशाच कापायच्या, मनगटाहून जाड असेल तर आधी उभी फोडायची. न फोडलेला ओंडका बाहेरून वाळलेला दिसतो आणि आत ३० टक्के ओला असतो.

१८ जानेवारी: गळती तपासणी

सगळे बंद करून ब्लोअरने ३०० मिलिमीटर पाण्याचा दाब, प्रत्येक फ्लँजवर साबणपाणी. अकरा सांधे फुगे देत होते. नऊ बोल्ट आवळून थांबले, दोनांत गॅस्केट बदलले.

प्लांट चालताना रिअॅक्टरपासून गॅस ओढणाऱ्या ब्लोअरपर्यंत सगळे ओढीखाली असते, म्हणजे तिथली गळती बाहेर येत नाही, हवा आत जाते. वास येत नाही, मीटर वाजत नाही, पण फिल्टरमध्ये गॅस आणि हवा एकत्र होतात, आणि एक ठिणगी पुरते. म्हणून ब्लोअरच्या पुढे ऑक्सिजन मीटर: १ टक्क्याच्या आत हवा, २ वर गेला की इंजिन बंद आणि गॅस फ्लेअरवर. फिल्टरच्या डोक्यावर स्फोट-झडप, तिचे तोंड माणसे फिरतात त्या बाजूला नाही.

ब्लोअरच्या पुढे उलट: गळती बाहेर. तिथे कार्बन मोनॉक्साइडचा भिंतीवरचा मीटर, आणि ऑपरेटरच्या खिशाला एक. ३५ पीपीएमला कारण शोधायचे, २०० ला सगळ्यांनी बाहेर. या वायूला वास नाही, आणि डोके दुखायला लागलेल्या माणसाला चहा पाजून पुन्हा आत पाठवायचे नाही, हे दोन्ही पाळ्यांना तोंडी आणि फळ्यावर लिहून सांगितले.

२५ जानेवारी: पहिली ज्योत

तळापासून हवेच्या नोझलच्या वर ३०० मिलिमीटरपर्यंत लोणारी कोळसा, २५ ते ५० मिलिमीटरचा, धूळ चाळून. त्यावर बाभूळ. ब्लोअर सुरू, नोझलमधून पेटता बोळा. पाच मिनिटे पांढरा-पिवळा दाट धूर, मग तो विरळ. बारा मिनिटांनी फ्लेअर पेटला. पहिल्यांदा पिवळी भगभगती ज्योत, अर्ध्या तासाने निळसर, दुपारच्या उन्हात जेमतेम दिसणारी. पिवळेपणा म्हणजे डांबर आणि काजळी. निळसर होईपर्यंत फिल्टरचा व्हॉल्व्ह फिरवायचा नाही.

पहिला दिवस नुसत्या बाभळीवर. गॅसचे विश्लेषण: कार्बन मोनॉक्साइड १९, हायड्रोजन १७, मिथेन १.५, कार्बन डायऑक्साइड ११ टक्के, बाकी नायट्रोजन. घनमीटरला हजार-अकराशे किलोकॅलरी.

३० जानेवारी: ओल आणि डांबर

ओल मोजायची पद्धत: गंजीच्या तीन खोलींतून मूठमूठ नमुना, १०० ग्रॅम तोलून १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये, वजन घटायचे थांबेपर्यंत. जितके ग्रॅम घटले तितके टक्के. हातातला सुयांचा मीटर लाकडाच्या तुकड्याला बरा, पऱ्हाटीच्या कुट्टीला निरुपयोगी.

डांबर बघायला पांढरा फिल्टर कागद. कूलरनंतरच्या नळीवर धरून हातपंपाने १०० लिटर गॅस ओढायचा. कोरडा राखाडी डाग बोटाने पुसला जातो: काजळी, म्हणजे पिशवी फाटली आहे का बघा. तपकिरी, चिकट, कडेला पिवळे वलय असलेला डाग: डांबर, म्हणजे भट्टी थंड आहे.

मुद्दाम दोन्ही करून बघितले. १२ टक्के ओलीच्या इंधनावर कागद जवळजवळ पांढरा. २४ टक्क्यांवर अर्ध्या तासात तपकिरी. कारण सरळ आहे: पाणी उडवण्यात उष्णता जाते, तप्त पट्टा ८०० च्या खाली येतो, आणि लाकडातून निघालेले डांबर तिथे मोडण्याऐवजी तसेच पुढे जाते. नियम: १५ टक्क्यांच्या वरचे इंधन वरच्या मजल्यावर, रिअॅक्टरच्या तोंडाशी, चढवायचे नाही. दोन्ही कागद तारीख घालून नियंत्रण खोलीत चिकटवले आहेत, ऑपरेटरला आकड्यापेक्षा ते लवकर कळतात.

७ फेब्रुवारी: इंजिन

गॅस आणि हवा जवळपास सारख्या घनफळाने लागतात, म्हणून मिक्सरचे दोन्ही पाइप सारख्या व्यासाचे. इंजिन फिरवण्याआधी तीन अटी: ज्योत १५ मिनिटे स्थिर, ऑक्सिजन १ टक्क्याखाली, फिल्टरनंतर कागद पांढरा.

या गॅसवर इंजिन एकदम भार घेत नाही. ५ किलोवॅटच्या पायऱ्यांनी चढवले, दोन पायऱ्यांत दीड-दोन मिनिटे. १० ची उडी मारली तर वारंवारिता ५० वरून ४६ वर आली आणि इंजिन गुदमरले.

बंद करताना गॅस तोडून दोन मिनिटे नुसत्या हवेवर स्टार्टरने फिरवायचे. गॅस आत ठेवून रात्रभर थंड झाले तर उरलेसुरले डांबर व्हॉल्व्हच्या दांड्यावर गोंदासारखे घट्ट बसते. सकाळी जबरदस्ती केली की पुशरॉड वाकतो. सकाळी सुरू करण्याआधी पान्याने हाताने दोन फेरे. जड गेले तर टॅपेट कव्हर उघडा.

१२ फेब्रुवारी: विजेची बाजू

वितरण कंपनीच्या लाइनशी जोडायचे नाही, असे ठरवून टाकले. चार पोलचा चेंजओव्हर, यांत्रिक इंटरलॉकसह: एकतर लाइन, नाहीतर प्लांट. लाइन गेली म्हणून खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या प्लांटचा करंट लागता कामा नये, म्हणून इथे साधा स्विच आणि पाटी चालत नाही. न्यूट्रलला दोन आणि बॉडीला दोन, असे चार अर्थिंग खड्डे. विद्युत निरीक्षकांची तपासणी झाल्यावरच भार जोडला.

भार चढवायचा क्रम: ड्रायरचा पंखा ३ एचपी, पाण्याचा पंप ७.५, हळद पॉलिशचा ड्रम ५, शेवटी पिठाची गिरणी १० एचपी. गिरणीला सॉफ्ट स्टार्टर, कारण थेट सुरू केली तर सहापट करंट खेचते.

२२ फेब्रुवारी: ड्रायर, पहिली खेप

जॅकेटचे पाणी प्लेट एक्स्चेंजरमधून, सायलेन्सरचा धूर शेल-ट्यूबमधून. दोन्हींची उष्णता एकाच गरम पाण्याच्या फेऱ्यात. ८५ अंशांनी जाते, ७५ ने परत, ताशी ५.६ घनमीटर, मध्ये २,००० लिटरची टाकी. धूर १३० च्या खाली निववायचा नाही, नाहीतर नळ्यांत आम्लाचे पाणी सुटते. ड्रायर बंद असेल तेव्हा तीन तोंडांचा व्हॉल्व्ह पाणी रेडिएटरकडे वळवतो. फेऱ्यात बोअरचे पाणी नाही. इथल्या बोअरचा क्षार महिन्याभरात प्लेटा बुजवेल. आरओचे पाणी, गंजरोधक घालून.

इंजिनाचा धूर हळदीला कुठेही लागत नाही. खाण्याचा जिन्नस आहे, इथे सवलत नाही.

पंखा ताशी ८,००० घनमीटर. बाहेरची हवा ३२, गरम पाण्याच्या कॉइलनंतर ५८ अंश. ६० च्या वर न्यायची नाही, रंग उतरतो आणि बाजारात क्विंटलमागे मार बसतो. सच्छिद्र पत्र्याचा वाफा ६ × २.५ मीटर, २० सेंटिमीटर थर, १,३०० किलो माल.

शिजवलेली ओली हळद थेट घ्यायची नाही. ७५ टक्के ओलीच्या एक टन हळदीतून ७२० किलो पाणी काढावे लागते, आणि तेच पाणी सुरुवातीचे सहा-सात दिवस ऊन फुकट काढते. ३० टक्क्यांवर आलेली हळद घेतली तर १,३०० किलोंतून २९० किलोच पाणी निघते.

उष्णतेच्या हिशेबाने सहा-साडेसहा तास लागायला हवे होते. लागले चौदा. कारण शेवटी शेवटी उष्णता कमी पडत नाही, हळकुंडाच्या गाभ्यातले पाणी सालीपर्यंत यायला वेळ घेते. तिथे हवा आणखी तापवून उपयोग नाही; वरचा पापुद्रा कडक होतो आणि आतली ओल तिथेच राहते. अशी हळद वरून खणखणीत वाजते, मोडली की मध्ये गडद चिकट ठिपका दिसतो, आणि पोत्यात महिन्याभरात बुरशी.

दुसरा वाफा बांधायचे ठरले. चार तास गरम हवा, चार तास विश्रांती, आळीपाळीने. त्याच उष्णतेत दोन खेपा.

हळद शिजवायच्या कुकरला ८० अंशांचे पाणी देऊन बघितले. सरपण वाचते, पण जेमतेम दहावा हिस्सा; खरी उष्णता वाफेला लागते. पाइप ओढण्याजोगे नाही.

२७ फेब्रुवारी

ढगाळ, अवकाळीचा इशारा. उघड्यावरचा अर्धवट वाळलेला माल आधी, या क्रमाने दोन्ही वाफे भरले. दुसऱ्या वाफ्याचे पत्रे कालच बसले. शेडमधली कुट्टी कोरडी, मात्र वाऱ्याच्या बाजूची कडेची रांग १९ टक्के. ती बाजूला काढली. शेडचा पत्रा त्या बाजूला दीड मीटर पुढे न्यायला हवा.

९ मार्च: खंगर

रिअॅक्टरचा दाबफरक ११० मिलिमीटर पाण्यावरून २६० वर. जाळी हलवूनही उतरेना. थंड करून उघडले: वीटभट्टीत निघतो तसला काळा, काचेसारखा खंगर, नोझलच्या पातळीला कड्यासारखा चिकटलेला, मोठा तुकडा चार किलोचा. तोडल्यावर आत न वितळलेले वाळूचे कण दिसले. इंधनाची नोंदवही बघितली तर त्या दोन दिवसांत आलेल्या पऱ्हाटीच्या गाडीला बुडखे होते. माती म्हणजे सिलिका, पऱ्हाटीत पोटॅश. दोन्ही एकत्र आले की राख खूप कमी तापमानाला वितळते.

काढताना छिन्नी खंगरावरच, अस्तराला लावायची नाही. चिकटलेला पातळ थर राहू द्यावा. यापुढे प्रत्येक गाडीतून दहा काड्या काढून बुडखा बघायचा, आणि जाळी दर ३० मिनिटांनी हलवायची. पऱ्हाटीचे प्रमाण ४० वरून ३० टक्के केले. दाबफरक १२० ला स्थिर.

२१ मार्च: भूकंपानंतर

सकाळी सहाच्या सुमारास दोन धक्के, पहिला ४.५ तीव्रतेचा, केंद्र हिंगोली जिल्ह्यातच. प्लांट रात्रपाळीनंतर बंद होता. सुरू करण्याआधी १८ जानेवारीची साबणपाण्याची तपासणी पूर्ण पुन्हा केली. राफ्टवरचे सगळे सांधे कोरडे. इंजिनाच्या बाजूला बेलोजनंतरचा एक सांधा फुगे देत होता, गॅस्केट बदलले. अस्तरात दिवा सोडून बघितले, केसाएवढ्या दोन भेगा आहेत, त्या आधीच्या फोटोंतही दिसतात. दुपारी दोनला ज्योत.

हंगामात असे पुन्हा झाले तर हाच क्रम: चालू असेल तर गॅस फ्लेअरवर, इंजिन बंद, माणसे बाहेर, मग मीटर घेऊन आत.

२ एप्रिल: मार्चचा ताळा

चालू तास ३८८. सरासरी भार २७ किलोवॅट, युनिट १०,४७६. इंधन १४.२ टन, म्हणजे युनिटला १.३६ किलो, अर्ध्या भारावर हा आकडा १.६ पर्यंत जातो, म्हणून पिठाची गिरणी आणि पॉलिश ड्रम ड्रायरच्याच वेळेत चालवतो. कोळसा-राख ८५० किलो. ती निवल्यावरसुद्धा दोन दिवस उघड्यावर, झाकणाच्या पिंपात नाही. आत धग राहते आणि वायू सुटतो.

ड्रायर: ४४ खेपा, ५७ टन गेली, साडेचव्वेचाळीस टन निघाली, ओल १० टक्के. म्हणजे बावीस-एक एकरांची हळद. गावात हळद याच्या कितीतरी पट आहे, तेव्हा सगळ्यांची वाळवून देऊ असे कोणाला सांगायचे नाही. पावसाचा इशारा असताना उघड्यावरचा माल आधी, मग नंबराने.

बॅग फिल्टरचा दाबफरक ९० मिलिमीटर, उलट हवेने झाडल्यावर ४५. ऑइल पहिल्यांदा १०० तासांनी बदलले, आता दर २०० ला. नमुना बोटावर चोळला तर काजळी आहे, चिकटपणा नाही. थ्रॉटलची पाकळी दर आठवड्याला काढून डिझेलने पुसायची. इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर शिकार करू लागला, म्हणजे वेग वरखाली झुलू लागला, की आधी ही पाकळी बघा, गव्हर्नरच्या स्क्रूला हात लावू नका.

१६ एप्रिल: पावसाळ्याची तयारी

शेडमध्ये कुट्टी २६ टन, बाभूळ १९ टन. जून ते सप्टेंबर रोज ५ तास चालवायला साधारण २० टन लागतील, म्हणजे पुरून उरेल. पण आज १० टक्के असलेली ओल जुलैच्या हवेत आपोआप १६-१७ वर जाते, पाऊस थेट न लागताही. म्हणून पाइपाच्या जॅकेटची गरम हवा शेडच्या त्या कोपऱ्यात वळवली, जिथून पुढच्या दोन दिवसांचे इंधन उचलायचे असते. गंजी जमिनीला टेकवायची नाही, खाली १५० मिलिमीटर उंचीचे बाभळीचे ठोकळे, भिंतीपासून अर्धा मीटर मोकळे. आतून तापायला लागली का हे बघायला गंजीत उभे लोखंडी गज खुपसले आहेत; रोज सकाळी गज उपसून हात लावायचा. हाताला सोसत नसेल तर त्याच दिवशी गंजी फोडायची.

बाकी: वाऱ्याच्या बाजूचा पत्रा, बॅग फिल्टरच्या चार राखीव पिशव्या, रिअॅक्टरच्या जाळीचा एक राखीव संच. पुढच्या डिसेंबरच्या पऱ्हाटीचे करार कापूस लावण्याआधी, मे महिन्यातच करायचे आहेत, बुडख्याची अट त्यात लिहून.